आधी पाण्याला विचारू

मामू गळ घेऊन तलावावर जात, पण गळ पाण्यात टाकायची घाई त्यांना कधी नसे. आधी पाण्याला विचारायचं, मग गळ टाकायचा, हा त्यांचा नियम. पिशवीतून पहिल्यांदा सुतळीला बांधलेला थर्मामीटर निघे. मग भोकं पाडून दोरीला लटकवलेली पांढरी बशी निघे, आणि सगळ्यात शेवटी फडक्यात गुंडाळलेलं मीटर. थर्मामीटर पाणी किती तापलंय ते सांगे. बशी खाली सोडत जायचं, ती दिसेनाशी झाली की पाणी किती गढूळ ते कळे. पाण्यात प्राणवायू किती, हे मीटर सांगे. जागा बदलून बदलून हे सगळं होईपर्यंत ऊन डोक्यावर येई आणि शहाणे मासे खाऊनपिऊन आरामाला गेलेले असत. ती बशी मामींच्या चहाच्या सेटमधली होती. त्यांच्या घरी पाहुणे जास्त आले की एकाला नुसत्या कपात चहा मिळायचा, आणि तो एक बहुधा मी असायचो.

उमरखेडला आमच्या गल्लीच्या तोंडाशीच मामूंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे यायच्या आणि नवी तार गुंडाळून परत जायच्या. मी शाळेत मास्तर, राहायला शेजारी. रविवारी मला दुसरं काही काम नसतं, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. शेततळ्यात मासे पाळणाऱ्या कुणीतरी ते मीटर दुकानात दुरुस्तीला टाकलं आणि तो माणूस पुन्हा फिरकलाच नाही. मामूंनी ते दुरुस्त केलं, बरीच वाट पाहिली आणि एक दिवस सहज बादलीत बुडवून पाहिलं. आकडा उमटला. त्या दिवसापासून हा माणूस हातचा गेला, असं मामी म्हणायच्या. गल्लीनं त्यांना मीटरमामू म्हणायला सुरुवात केली तीही तेव्हापासूनच.

"मास्तर, अंदाज म्हंजे आळशी माणसाचं मीटर," असं ते मला नेहमी ऐकवत. मोटार जळाली की नाही हे वासावरून सांगणाऱ्या कारागिरांचा त्यांना मनापासून राग यायचा. घरातही तेच. आंबटपणा ओळखायचे रंगीत कागद त्यांनी कुठूनसे पैदा केले आणि एका दुपारी मामींच्या कढीत एक बुडवला. कागदाचा रंग बदलला तसा मामींचाही बदलला. "कढी आंबट हाय का नाई हे जिभेले इचारा. पुन्हा कागद बुडवला तर जेवण बी त्या मीटरलेच मागजा." मामूंनी मान डोलावली, कागद खिशात घातला आणि मुकाट्यानं जेवले.

पण मामींना जिंकायचं हेच तर त्यांच्या मनात होतं. मामींचं माहेर पैनगंगेच्या काठचं. त्यांचे वडील नदीवरून मरळ आणायचे, त्यामुळे मरळ सोडून दुसऱ्या माशाला त्या मासाच म्हणायला तयार नसत. मीटर सुरू झालं त्याच आठवड्यात मामूंनी माझ्यासमोर जाहीर करून टाकलं, "सलमाच्या अम्मीले मीटरनं धरलेली मरळ खाऊ घालतो. मंग पाह्यजा तुम्ही." सलमा ही त्यांची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन हैदराबादला गेलेली. पुढे कित्येक रविवार आम्ही तलावावर घालवले. चिलापी मिळाली, कधी एखादी मिरगळ मिळाली, मरळ काही मिळाली नाही. पिशवीत डोकावून मामी दर वेळी म्हणायच्या, "माह्या अब्बाजवळ मीटर नव्हतं. मासे होते." मामू हसायचे, पण त्यांना ते लागायचं हे मला दिसत असे.

त्यांचं शास्त्र तसं सरळ होतं. प्राणवायू जिथे जास्त, तिथे मासा. म्हणून आम्ही नाला तलावाला मिळतो तिथे बसायचो, वारा ज्या काठावर लाटा आणतो तिथे बसायचो, आणि पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, दगडांपाशी तर हक्कानं बसायचो, कारण तिथे मीटर नेहमी सहाच्या वर जायचं. मी दोरी धरायचो आणि मामूंना आकडे वाचून दाखवायचो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षर त्यांना दिसत नसे, आणि शाळेतही कुणी माझं वाचन इतकं मन लावून ऐकलेलं नाही.

मग एका बाजाराच्या दिवशी मामी आम्हा दोघांना मासळीवालीपुढे घेऊन गेल्या. घमेल्यातल्या वीतभर गढूळ पाण्यात मरळी पडल्या होत्या, सकाळपासूनच्या. मधूनमधून एखादी तोंड वर काढी, हवेचा घोट घेई आणि पुन्हा खाली जाई. मामी म्हणाल्या, "पाह्यलं? इले पाण्यातला प्राणवायू कायले पाह्यजे? हे तर तुमच्यासारखी वरूनच हवा घेते." मामू तिथंच उकिडवे बसले. मासळीवाली गिऱ्हाइकांसाठी बाजूला व्हा म्हणेपर्यंत ते त्या घमेल्याकडे पाहत राहिले. ज्या माशाचं पाण्यातल्या प्राणवायूवाचून काहीच अडत नाही, तो मासा आम्ही इतके रविवार प्राणवायू मोजून शोधत होतो. मला हसू आवरेना, आणि त्यांचा चेहरा पाहून हसायचा धीरही होईना.

काही दिवस मीटर फडक्यातच राहिलं. मग एका सकाळी मामू माझ्या दारात उभे. "मास्तर, आपण मोजलं बराबर. वाचलं उलटं. जिथं पाणी खराब, तिथून बाकीचे मासे पळतात. मरळ कायले पळंल? ते तिथंच बसून राह्यते, आपल्या राज्यात!" त्या दिवसापासून आमचं नशीब पालटलं, म्हणजे आणखी वाईट झालं. स्वच्छ दगड सोडून आम्ही तलावाच्या मागच्या कोपऱ्यात, बेशरमीच्या झाडोऱ्यात बसू लागलो. तिथे मीटर दीडच्या वर जात नसे आणि मामू खूश होत. गुडघाभर चिखल, कुजका वास, आणि डास तर असे की रविवारची वाटच पाहत असावेत.

पुढे मामूंचे हात कापायला लागले. बारीक तार गुंडाळणं जमेना, दुकान बंद करावं लागलं, आणि सलमानं आईवडिलांना हैदराबादला न्यायचं ठरवलं. निघण्याआधीच्या रविवारी मामी पहिल्यांदाच आमच्यासोबत तलावावर आल्या, डबा घेऊन. जुन्या सवयीनं मामूंनी एका काठीच्या गळाला आमिष म्हणून बेडकी लावली आणि ती काठी पाळीच्या दगडांपाशी खोचली, तिच्याजवळ सावलीला मामींना बसवलं, आणि आम्ही दोघं आमच्या घाण कोपऱ्यात गेलो. "आज भेटली पाह्यजे, मास्तर," ते हळूच म्हणाले. माझी मासेमारी नुसती सोबतीपुरती. पण त्या दिवशी मीही मनातल्या मनात त्या मरळीची विनवणी केली.

मामींची हाक आली तेव्हा आम्ही धावलो. काठी पार वाकली होती, मामींनी ती दोन्ही हातांनी धरली होती आणि दोरीच्या टोकाला हातभर लांबीची मरळ उसळ्या मारत होती. मी ती काठावर ओढली. मामूंनी आधी मरळीकडे पाहिलं नाही. त्यांनी मीटर पाण्यात सोडलं आणि मला आकडा वाचायला लावला. साडेसहा.

"इथं मरळ राह्यत नाई," मामू म्हणाले.

"मंग सांगा तिले," मामी म्हणाल्या, आणि पदरात तोंड लपवून इतक्या हसल्या की मामूंनाही शेवटी हसावंच लागलं.

संध्याकाळी त्या मरळीचं सालन झालं. मामींनी पहिला तुकडा मामूंच्या ताटात वाढला. त्यांनी चवीनं खाल्लं, बोटं चाटली आणि म्हणाले, "मासा झकास हाय. पण जागा चुकला होता." त्यांच्या हातची मरळ मामींना खाऊ घालायची ती राहूनच गेली. निघताना त्यांनी ते मीटर माझ्या हातात दिलं. हैदराबादेत नळाचं पाणी, त्याला काय विचारायचं, म्हणाले.

त्यानंतर दर रविवारी फोन यायचा. "मास्तर, पाणी कसं हाय?" मी तलावावर जायचो, आकडे वाचून दाखवायचो, आणि तिकडून ते मला जागा सांगायचे. मला मासे धरायचे नव्हते. मला त्यांचा आवाज ऐकायचा होता, दुसरं काही नाही.

मामू गेल्या हिवाळ्यात गेले. नंतरच्या एका रविवारी मी तलावावर गेलो, तो केवळ घरी बसवेना म्हणून. फोन वाजला. मामी होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, पाणी कसं हाय?"

मी मीटर सोडलं. दगडांपाशी सहाच्या वर, मागच्या कोपऱ्यात दीड.

"मंग मागंच बसा," मामी म्हणाल्या. "ते तिथंच बसा म्हणले असते."

मरळ दगडांपाशी लागते हे मामींइतकं कुणाला ठाऊक? तरी मी मागच्या कोपऱ्यात जाऊन बसलो. अजूनही रविवारी तिथेच बसतो, डास मारत. मरळ अजून लागलेली नाही. लागली की आकडा आधी हैदराबादला कळवायचा आहे.