दारातल्या गोण्या

लासलगाव भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका कांदा व्यापाऱ्याने तक्रार दिली, की एका शेतकरी बाईंनी ट्रॉलीत वर चांगला माल ठेवून खाली निम्मा सडका भरला. लिलावात वरचा थर बघूनच बोली लागते, म्हणून तक्रार पटण्यासारखी होती. विकत घेतलेला तो माल गोण्यांत भरून त्याच्या शेडमध्ये ठेवला होता; तिथे त्याने दारातल्या गोण्या फोडून दाखवल्या, तर वासाने उभं राहवेना. महिला शिपायाबरोबर बाईंना भर बाजारातून चौकशीसाठी आणलं.

"सायेब, उद्या पोरीला बघाया पाव्हणे येनार हायेत. गुन्हा लागला तर दारातूनच माघारी जातील."

ठाण्याबाहेर शेतकरी जमू लागले. तेवढ्यात एका हमालाचा फोन आला, "मागच्या गोण्या बघा, सायेब. दारातला माल बाईंचा नाय."

पुन्हा शेड गाठली. व्यापारी पुढच्या गोण्या ओढू लागला, बाईंबरोबर आलेले त्यांचे दीर मागच्या. दोघांनाही दटावलं. प्रत्येक गोणीवर खडूने आकडा घातला, त्याच आकड्यांच्या चिठ्ठ्या हवालदाराच्या टोपीत टाकल्या आणि भिशीसारख्या एकेक काढायला लावल्या. सडक्या निघत गेल्या असत्या तर मलाच बाईंवर गुन्हा नोंदवावा लागला असता.

निघालेल्या आकड्यांच्या वीसेक गोण्या फोडल्या. सडकी एकच निघाली, तीही दारातली. निम्मा माल खराब असता तर असं होणं जवळजवळ अशक्य. शेडमधल्या हमालांच्या मुकादमाला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "सड दारातच कशी रे?" तो घामाघूम झाला. "शेटनं जुना माल पुढं लावाया सांगितला, बाईंचं पैसं बुडवायला."

बाई सुटल्या, पण रडू लागल्या. "जीपमध्ये बसताना समद्या बाजारानं पाह्यलं, सायेब. सुटताना त्यातलं कोन होतं?"

समोर आणून दाखवलेल्या मालावरून साऱ्या ढिगाची पारख करू नये, हे मी त्या दिवशी शिकलो. ठाण्यात रोज भेटणारी माणसंही कुणी चिठ्ठी टाकून निवडलेली नसतात. त्यांच्यावरून गाव जोखणारा पोलीस हमखास फसतो.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत बाईंच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि घडलं ते सगळं सांगितलं. पाहुण्यांतल्या म्हाताऱ्याने विचारलं, "समद्या गोन्या बघितल्या का, सायेब?"

"नाही," मी म्हणालो. बाईंचा चेहरा उतरला. "कुणीच न निवडलेल्या, चिठ्ठीने निघालेल्या तेवढ्या बघितल्या. त्यावरच यांना सोडलं आणि व्यापाऱ्याला धरलं."

म्हाताऱ्याने पोह्यांची बशी पुढे ओढली.