नर्सबाईंची हिरवी गाडी आणि काकांचा संताप

माझे काका चिडले ही बातमी होऊच शकत नाही. ते चिडले नाहीत, तर बातमी. महागाईवर, शेजाऱ्यावर, जावयावर कुणीही चिडतं; त्याला काही अक्कल लागत नाही. काका रंगावर चिडतात. त्यातही नव्या रंगावर, आणि तो जुन्या गाडीच्या अंगावर चढवलेला असेल तर मग विचारूच नका.

धंदा कवळ्या बनवण्याचा. घराच्या मागच्या खोलीत फळ्यांवर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे आ वासून बसलेले असतात. काका काम करता करता त्यांना भाषण देतात. एवढी तोंडं समोर असून एकही उलटून बोलत नाही, असा श्रोता काकांना घरात दुसरा मिळालेला नाही. गिऱ्हाइकाला दात हवे असतात मोत्यासारखे. काका देतात वयाला शोभतील असे, किंचित पिवळसर. "सत्तरीच्या तोंडात सतराचे दात बसवले," ते म्हणतात, "तर माणूस हसला की लोक माणूस सोडून दात बघतात." यावरून गिऱ्हाइकं तुटतात. काका तुटू देतात.

हाच न्याय गाड्यांना. पन्नास-साठ वर्षांची गाडी रस्त्यात दिसली की काका जागच्या जागी थांबतात आणि मागून येणारा माणूस त्यांच्यावर आदळतो. हा मागून येणारा माणूस बहुतेक वेळा काकू असते. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा त्यांचा फोटो आहे. त्यात मधोमध एक बाकदार पाठीची गाडी आहे, आणि डाव्या कडेला काकूचा एक कान.

"अख्खी मी कुठल्या फोटोत आहे, ते सांगा," काकू विचारते.

"तू घरात असतेसच की," काका म्हणतात. "ती पुन्हा दिसली असती का?"

पण गाडी जुनी असणं पुरेसं नाही. तिने आपलं वय अंगावर वागवलं पाहिजे. उन्हाने उडालेला रंग, हात लागून लागून गुळगुळीत झालेली मूठ, कुठल्याशा फाटकाची आठवण सांगणारा पोचा. याला शौकीन लोक 'पॅटिना' म्हणतात. काकू गंज म्हणते. आणि घासून, पुसून, रंगवून, नव्यासारखी करून आणलेली गाडी दिसली की काका रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला जातात, उधारी मागणारा समोरून यावा तसे.

आमच्या भागात काकांच्या पसंतीला उतरलेली एकच गाडी होती. नर्सबाईंची. हिरवी, गोल नाकाची, चार दारांची. बाई आता ऐंशीच्या आहेत. त्यांनी चाळीस वर्षं घरोघर जाऊन बाळंतपणं केली, आणि निम्मी वस्ती त्यांच्या हातून जगात आली. काकाही. गाडी त्यांच्या घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये असे, आणि काका दर रविवारी कुंपणापाशी उभे राहून तिचं दर्शन घेत. मलाही नेत. चालकाच्या दाराची वरची कड रंग जाऊन नागडी पडली होती. पत्रा नुसता चमकत होता.

"बघ," काका गहिवरून म्हणत, "बाई चाळीस वर्षं इथे कोपर टेकून गाडी चालवत होत्या. हा रंग कुठल्या कारखान्यात मिळेल?"

एवढ्या रविवारांत बाईंना हाक मारून चार शब्द बोलावेत, हे काकांना कधी सुचलं नाही. गाडी बघायला आलेल्या माणसाचं मालकाशी काय काम?

एका रविवारी शेड रिकामी निघाली.

काका कोपऱ्यावरच्या गॅरेजात घुसले तेव्हा मी मागे होतो. गाडी आत उभी होती. दिवे काढलेले, डोळ्यांच्या जागी भोकं. गॅरेजवाला हातात पॉलिश पेपर घेऊन बॉनेटवर वाकला होता.

"हात काढ!" काका गरजले.

गॅरेजवाल्याने खरंच हात काढला. "काय झालं? करंट येतोय?"

"कोणी सांगितलं तुला हे? बाईंच्या मुलाने ना? वाटलंच मला. आई थकली की पोरांना सगळ्यात आधी आईच्या वस्तू खुपायला लागतात. लाज नाही वाटत? उद्या म्हाताऱ्या माणसाला पकडून आणलं, तर सुरकुत्यांवरही पुट्टी भरशील!"

"त्याचे पैसे वेगळे पडतील," गॅरेजवाला शांतपणे म्हणाला. "आणि मुलगा नाही, बाईंनी स्वतः सांगितलंय. लाल रंग. टोमॅटोसारखा."

काकांचा चेहराच टोमॅटोसारखा झाला.  ते तडक बाईंच्या घरी गेले. बाई पायरीवर बसून पायाची नखं कापत होत्या.

"बाई, तुम्ही गाडी रंगवताय?"

"ये बाळा. हो, रंगवतेय."

"लाल?"

"लाल."

"का?"

"मला आवडतो म्हणून. हिरवी मला कधीच नको होती. तेव्हा शोरूममध्ये तीच एक उरली होती आणि मला बाळंतिणीकडे जायचं होतं. चाळीस वर्षं त्या शेवाळात बसले. आता पुरे."

"पण बाई, तो इतिहास आहे! तुमच्या कोपराने झिजलेलं ते दार..."

"कोपराने?" बाईंनी कातर खाली ठेवली. "अरे, ते दार आतून उघडतच नव्हतं! दुसऱ्याच वर्षी अडकलं. कुणाच्या तरी घरात बाई कळा देतेय, आणि मी खिडकीतून हात बाहेर घालून माझंच दार उघडायची धडपड करतेय. घड्याळाचा पट्टा, बांगड्या, सगळं त्या कडेवर घासायचं. शिव्या देऊन देऊन झिजलाय तो रंग. त्याचं तू कुंपणाबाहेर उभा राहून कौतुक करतोस होय?"

 माघार घेणं काकांना मानवत नाही.

"म्हणजे तर जास्तच जपायला हवं! किती खरं आहे ते!"

"खरं आहे, म्हणून तर नकोय. तू कवळ्या करतोस ना? दात पडलेला माणूस आला की 'बोळकंच खरं आहे, असू दे' म्हणतोस का?"

"मी पिवळसर देतो," काका म्हणाले. आवाज मात्र उतरला होता.

"तुझं डोकं या जगात पहिल्यांदा मी पाहिलंय," बाई म्हणाल्या. "तेव्हाही तू असाच लाल होऊन ओरडत होतास. तुला त्या हिरव्याचा फारच पुळका असेल तर एक करते. ते दार तेवढं ठेवते. बाकी गाडी लाल, ते एक दार हिरवं. आतून उघडेल असं करून घेते, पण रंगाला हात लावू देत नाही. चालेल?"

मी काकांची बाही ओढली. हो म्हणा, हो म्हणा! ऐंशी वर्षांची बाई तुमच्यासाठी ठिगळ लावलेली गाडी फिरवायला तयार झालीय, यापेक्षा मोठा मान तुम्हाला या जन्मात मिळणार नाही. पण तत्त्वाचा माणूस आणि सरळ रस्ता यांची कधी गाठ पडलेली नाही.

"अर्धवट काही नको!" काका कडाडले. "अर्धी मिशी ठेवून कुणी दाढी करतं का? ठेवायची तर अख्खी गाडी ठेवा, नाहीतर काहीच नको!"

"बरं," बाई म्हणाल्या आणि पुन्हा कातर उचलली. "काहीच नको."

घरी येईपर्यंत काका बाईंवर, गॅरेजवाल्यावर, लाल रंगावर आणि माझ्यावर चिडून झाले. रात्री जेवताना एकदम घास हातात धरून म्हणाले, "बाई दार देत होत्या." काकूने त्यांच्या ताटात भात वाढला.  न मागता वाढला, म्हणजे तिलाही वाईट वाटलं होतं.

काका दुसऱ्या दिवशी कामाला न बसता गॅरेजकडे गेले, मी सोबत. दार भिंतीला टेकवून ठेवलं होतं. घासून झालं होतं. कडेचाही, मधलाही, सगळाच पत्रा आता सारखा चमकत होता, आणि चाळीस वर्षांची कड नेमकी कुठे संपत होती ते काकांनाही सांगता येईना. त्यांनी त्यावरून एकदा बोट फिरवलं. गॅरेजवाल्याला शिव्या घालण्याची पुरेपूर संधी होती. घातल्या नाहीत. मला त्या वेळी त्यांचा जेवढा राग आला, तेवढा कधीच आला नव्हता. नको तिथे महिनोन् महिने ओरडणारा हा माणूस, जिथे एक 'हो' पुरला असता तिथे भाषण देऊन आला होता!

गाडी तयार झाली त्या सकाळी बाई स्वतः चालवत आमच्या दारात आल्या. लाल म्हणजे लालभडक. हॉर्न इतका दाबला की आतल्या साच्यांनीही तोंड मिटावं.

काका बाहेर आले. गाडीभोवती एक फेरी मारली, हात पाठीमागे बांधून.

"हा लाल या गाडीला कारखान्यातून कधी आलाच नव्हता," ते म्हणाले.

"नसेल. बस."

"दिव्यांच्या कडा चुकीच्या आहेत."

"असतील. बसतोस, की तुझ्या बायकोला नेऊ?"

काकू पायात चपला घालू लागली होती. काका झटकन पुढच्या सीटवर जाऊन बसले. हाताची घडी, मान सरळ, गाडीशी आपला काहीही संबंध नसल्यासारखे. कोपऱ्यावरचा शिंपी दुकानातून बाहेर आला आणि ओरडला, "वा बाई! काय जपून ठेवलीय गाडी!"

बाई हसल्या. काका खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आले.

"जपलेली नाही!" ते त्या बिचाऱ्या शिंप्यावर बरसले. "बदललीय! ऐक, मूळचा रंग..."

"काच वर कर," बाई म्हणाल्या, "नाहीतर उतर."

काका आत झाले. काच वर गेली. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत काचेआड त्यांचं तोंड चालूच होतं. बाई समोर बघून गाडी चालवत होत्या आणि मधूनमधून मान डोलवत होत्या.