जड गाडी आधी थांबवायची

झेरॉक्स खराब निघाली तर गिऱ्हाईक ती माझ्या टेबलावर टाकून निघून जातं. भैय्याजी गजभिये तसे नव्हते. ते खराब प्रत मागून घ्यायचे, तिचे चार तुकडे करायचे, दोन माझ्या टोपलीत टाकायचे आणि दोन स्वतःच्या खिशात. खिशातले तुकडे ते घराजवळच्या दुसऱ्या कचरापेटीत टाकतात, हे मला त्यांच्या बायकोनं, कांताबाईनं सांगितलं. रात्री बसून कोणी जोडू नये म्हणून. आता रात्री बसून त्यांचं लाइटबिल जोडणारी मीच, दुसरी कोण? मला राग यायचा.

सक्करदऱ्याला तलावाच्या मागच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्मही भरून देते. गल्लीतल्या पोरापोरींचे प्रवेश, दाखले, शिष्यवृत्त्या सगळं माझ्या हातून जातं, म्हणून सगळे मला शोभाताई म्हणतात आणि उधारीवर फॉर्म भरून घेतात. भैय्याजींनी उधारी कधी केली नाही. पण फॉर्म भरताना ते माझ्या खुर्चीच्या मागे उभे राहायचे आणि प्रत्येक बटणावर नजर ठेवायचे. एकदा मी चिडून म्हटलं, तुम्हीच बसा. ते खरंच बसायला निघाले.

हा स्वभाव त्यांनी घरून आणला नव्हता, नोकरीतून आणला होता. कन्हानच्या रस्त्याला एक धर्मकाटा आहे, कोळशाचे ट्रक तोलणारा. मिसरूड फुटल्यापासून भैय्याजी त्या काट्यावर. ट्रक भरलेला तोलायचा, रिकामा तोलायचा, मधला फरक म्हणजे माल. ऐकायला सोपं आहे. पण कोणी कोळशावर पाणी मारून आणतो, कोणी डिझेलची टाकी काठोकाठ भरून येतो, कोणाचा क्लीनर ताडपत्रीखाली निजलेला असतो. भैय्याजींनी असे क्लीनर कान धरून उतरवले होते. त्यांचा एक नियम होता आणि तो ते चहा पिताना कोणालाही ऐकवायचे. गाडी हलकी आली तर मालक स्वतः बोंबलतो, आपल्याला पाहायची गरज नाही. गाडी जड आली तर सगळे खूश असतात, कोणीच बोलत नाही. म्हणून जड गाडी आधी थांबवायची.

कांताबाई म्हणायची की मुलगी पाहायला आले तेव्हा यांनी पोह्यांच्या आधी तिच्या बापाची घरटॅक्सची पावती मागितली होती. ती हसून सांगायची, पण ते खरं असणार.

अशा माणसाच्या पोरीला इंजिनीअरिंगला जायचं होतं. दीप्ती एकुलती एक. बापासारखी बारीक डोळ्यांची, पण हसरी. शहराबाहेर बेसा ओलांडून पुढे गेलं की जे खासगी कॉलेज आहे तिथं तिचा नंबर लागला. फी ऐकून भैय्याजींनी कॉलेजच्या काउंटरवर विचारलं, यात काय काय आलं? विकास निधी आला, वाचनालय आलं, बस आली. पुढच्या वर्षी त्यात आणखी दोन नावं वाढली. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. भैय्याजी मला म्हणाले, "ताई, निघताना तोललेला माल रस्त्यात जड होऊन राहिला. हे मले काही ठीक दिसत नाही." यात त्यांचं काय चुकलं होतं? काहीच नाही. हा माणूस बरोबर असायचा तेव्हाही सगळे त्याला हसायचे, मीसुद्धा.

शैक्षणिक कर्ज काढताना त्यांनी कर्जाचा करार माझ्या दुकानात बसून वाचला, दुपारच्या दुपारी. दीप्ती कर्जदार, भैय्याजी सहकर्जदार. व्याजाचा दर वेळोवेळी बदलेल, या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. कोण बदलवणार आणि आपल्याला विचारून बदलवणार का, हे त्यांनी मला विचारलं, मग बँकेत जाऊन तिथल्या मॅडमला विचारलं. मॅडमनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी तिचं वय विचारलंय. शेवटी सही केली, कारण दीप्ती दाराशी उभी होती.

आता खात्याचं सांगते, कारण घोळ तिथंच झाला. दीप्ती लहान असताना उघडलेलं बापलेकीचं जोडखातं होतं. शिष्यवृत्तीला तेच जोडलेलं. मोबाइल नंबर भैय्याजींचा. पासबुक भैय्याजींच्या लोखंडी पेटीत. एटीएम कार्ड त्यांनी घेतलंच नव्हतं. चोराला किल्ली कशाला द्यायची, म्हणायचे. म्हणजे खातं पोरीचं आणि पहारा बापाचा.

शिष्यवृत्तीचे पैसे आधी परस्पर कॉलेजला जायचे. मग नियम बदलला आणि ते विद्यार्थ्याच्या खात्यात येऊ लागले, तिथून विद्यार्थ्यानं कॉलेजला भरायचे. मी भैय्याजींना हे नीट सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले की सरकार पोरीच्या हातात रोख देईल, हे त्यांना पटत नाही. बरं, पटायला पैसे यायला तर हवेत. मागच्या वर्षाची रक्कम इतकी रखडली की सगळ्यांनी तिचा नाद सोडला होता.

शेवटच्या वर्षी कर्जाची मर्यादा संपली. फी बाकी राहिली. बाकी भरल्याशिवाय शेवटच्या परीक्षेचं हॉल तिकीट मिळणार नाही, असं कॉलेजनं सांगितलं. दीप्तीला एका कंपनीनं नोकरी देऊ केली होती, पण पास झाली तर. हॉल तिकीट नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर नोकरी नाही, आणि हप्ते मात्र सुरू होणारच. ती रोज माझ्या दुकानात यायची. मी शिष्यवृत्तीची साइट उघडायची, 'प्रलंबित' वाचायची, ती "बरं ताई" म्हणून जायची.

एक दिवस साइटवर आलं, रक्कम जमा. मी स्वतःच्या पैशानं तिला समोसा खाऊ घातला. छप्पन हजार चारशे. बाकी भागत होती. बापाला सांगून उद्याच भर, असं मी तिला बजावलं.

दुसऱ्या दिवशी ती आली ती तोंड पाडून. बाबा धड बोलतच नाहीत, म्हणाली. पासबुक मागितलं तर विचारतात, तुला काय करायचं? शिष्यवृत्ती जमा झाली म्हटलं तर विचारतात, कोण म्हणतं? शोभाताई म्हणते म्हटल्यावर नुसते हसले. तिनं बँकेत जाऊन विचारलं तर खात्यातून पैसे निघत नाहीत, एवढंच सांगितलं. मग ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "ताई, खाते नंबर तुमच्याकडून चुकला तर नसन न?"

माझ्या डोक्याची शीरच उठली. चार वर्षं हिचे फॉर्म भरले, आणि ही मला विचारते! मी साइट तिच्या तोंडासमोर धरली. खातं बरोबर होतं. मग माझा संशय कॉलेजवर गेला. दीप्तीचा बहुतेक माझ्यावरच राहिला. आणि भैय्याजींनी दुकानात येणंच बंद केलं होतं. समोरून जाताना मान वळवून जायचे. कांताबाईनं येऊन हळूच विचारलं, माझ्या दुकानात पोलीस वगैरे कधी आले होते का. गल्लीत आम्ही सगळे एकमेकांकडे असे पाहू लागलो, जणू कोणाच्या तरी ताडपत्रीखाली क्लीनर निजलेला आहे.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा एका दुपारी दीप्ती माझ्यासमोर बसून रडत होती आणि भैय्याजी आत आले. पोरगी इथं येते म्हणून तिच्या मागावर होते, हे नंतर कळलं. त्यांनी खिशातून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. बँकेला दिलेल्या अर्जाची पोच होती.

"ताई, सरळ सांगा. माह्या पोरीचं खातं तुम्ही कोनाले भाड्यानं देलं?"

मला आधी काही समजलंच नाही. मग समजलं. त्यांच्या फोनवर मेसेज आला होता, इंग्रजी अक्षरं आणि आकडे, इतके रुपये जमा. कुठून आले त्याचं नाव नाही. पोरांची खाती भाड्यानं घेऊन त्यात लुटीचे पैसे फिरवतात, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. दीप्तीच्या खात्याचा नंबर तिच्याकडे आणि माझ्याकडे. म्हणजे आम्ही दोघी. ते बँकेत गेले आणि लिहून दिलं की खात्यात अनोळखी, संशयास्पद रक्कम आली आहे, व्यवहार बंद करावेत. बँकेनं त्यांचं कधी नव्हे ते कौतुक केलं आणि खातं गोठवलं. पोरीला त्यांनी काही विचारलं नाही. काट्यावर ड्रायव्हरला विचारत नाहीत, नुसतं पाहत राहतात.

मी साइट उघडली, स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली आणि रक्कम मोठ्यानं वाचली. छप्पन हजार चारशे. भैय्याजींनी पोचेवरचा आकडा पाहिला. पुन्हा स्क्रीनवरचा पाहिला. मग बाकावर बसले.

"ते मीच थांबवले," ते म्हणाले.

दीप्तीनं डोळे पुसले आणि ती बापाकडे पाहत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

आम्ही तिघं बँकेत गेलो. त्याच मॅडम. भैय्याजी हात जोडून म्हणाले की पैसे शिष्यवृत्तीचे आहेत, माझी चूक झाली, खातं उघडा. मॅडमनं त्यांचाच अर्ज काढून त्यांच्यापुढे ठेवला. "संशयास्पद असं तुम्हीच लिहिलंय. आता तुम्हीच म्हणता नाही. कशावरून?" तक्रार वरच्या ऑफिसला गेली होती. चौकशी झाल्याशिवाय काही होणार नव्हतं आणि परीक्षा चौकशीची वाट पाहणार नव्हती. जन्मभर दुसऱ्यांना कशावरून म्हणून विचारणारा माणूस त्या टेबलासमोर तसाच हात जोडून उभा होता. मला त्याची कीव आली, खोटं कशाला सांगू. रागही तेवढाच आला.

तिथून कॉलेज. काउंटरवरच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, हॉल तिकीट देतो, पण हमी म्हणून एक चेक सही करून ठेवा. रक्कम आणि तारीख आम्ही भरू. लेट फी किती लागेल ते आत्ता सांगता येत नाही.

मी भैय्याजींची बाही ओढली. कोरा चेक! दुकानात शंभर जणांना मी सांगते, कोऱ्या कागदावर सही करू नका. त्यांना तर हे सांगायचीही गरज नव्हती; खराब झेरॉक्स फाडून दोन कचरापेट्यांत टाकणारा माणूस. त्यांनी काचेतून आत पाहिलं, मग दीप्तीकडे पाहिलं. मग पिशवीतून स्वतःच्या पगारखात्याचं चेकबुक काढलं, माझ्याकडून पेन घेतला आणि सही केली. चेकवर दुसरं काहीच नव्हतं, नुसती सही. त्या माणसानं तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि हॉल तिकीट सरकवलं. भैय्याजींनी ते मात्र दोन्ही बाजूंनी वाचलं.

दीप्ती पास झाली. खातं परीक्षेनंतर सुटलं, पैसे कॉलेजला भरले, वर लेट फी भरली. चेक परत मागायला भैय्याजी तीनदा गेले. साहेब रजेवर, मग ऑडिट, मग सापडत नाही. मी त्यांना सांगितलं की बँकेत अर्ज दिला की चेक थांबवता येतो, मी लिहून देते.

"थांबवाचं मले काही सांगू नका आता," ते म्हणाले.

तो चेक अजून त्या ड्रॉवरमध्ये असेल. माझ्या मनातून तो जात नाही.

दीप्ती हैदराबादला नोकरीला लागली. जायच्या आधी ती बापाला घेऊन दुकानात आली. खातं आता तिच्या एकटीच्या नावावर होतं, पण मोबाइल नंबर बापाचाच होता. तो बदलून स्वतःचा टाकायचा होता. मी बँकेच्या साइटवर नवा नंबर टाकला तसा भैय्याजींच्या फोनवर ओटीपी आला. हा आकडा कोणाला म्हणजे कोणाला सांगायचा नाही, हे त्यांनी घरात सगळ्यांकडून देवाच्या शपथेसारखं घोकून घेतलं होतं. मी उठले, बाहेर जाते म्हटलं.

"बसा," भैय्याजी म्हणाले. मग चष्मा वर करून एकेक आकडा मोठ्यानं वाचला, माझ्यासमोर, उघड्या दारात. दीप्तीनं तो टाकला. "आता माह्याकडं काही येनार नाही न?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "नाही बाबा."

तेवढं मात्र खरं नव्हतं. पगार जमा झाल्याचा मेसेज तिच्याकडे जातो. कर्जाच्या हप्त्याचा अजून भैय्याजींकडे येतो, सहकर्जदार म्हणून. तो आला की ते काट्यावरून घरी जाताना दुकानाशी गाडी थांबवतात आणि फोन माझ्यापुढे धरतात. मी वाचून दाखवते, एवढे कापले गेले. व्याजाचा दर मध्ये वाढला, तोही मीच वाचून दाखवला. ऐकलं की ते फोन खिशात ठेवून निघून जातात.

परवा मात्र फोन खिशात ठेवता ठेवता थांबले. "एवढे कापल्यावर तिच्यापाशी जेवाले उरते का, ताई? विचारलं तर म्हणते, उरते बाबा, पोटभर जेवते. मले काही खरं वाटत नाही."

मलाही वाटत नाही.