सगळ्यांच्या मंजुरीची वेबसाइट

पोस्टातली नोकरी संपल्यावर मी दारव्ह्यातल्या आमच्या वाचनालयाची सचिव झाले. विहाराच्या मागे दोन खोल्या. एकीत पुस्तकं, दुसरीत स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली. याला वेबसाइट कशाला, असं मी विचारलं होतं. पण घाटंजीच्या कुठल्याशा मंडळाने वेबसाइट काढल्याचं अध्यक्षांच्या कानावर आलं, आणि विषय संपला.

अध्यक्ष कापसाचे व्यापारी. त्यांची पुतणी पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. तिने बैठकीत स्पीकरफोनवर समजावलं, की वेबसाइट उभी करणं सोपं, चालवणं कठीण. म्हणून मजकूर टाकायची आतली व्यवस्था आपल्याला पेलेल अशी घ्यावी. एक साधी होती: लिहा, बटण दाबा, दिसलं. दुसरी मोठ्या वर्तमानपत्रांच्या कामाची. तिच्यात लिहिणारा वेगळा, मंजुरी देणारे वेगळे.

तिने मला विचारलं, लिहिणार कोण? मी म्हटलं, मीच. मंजुरी कोण देणार? हे ऐकून सगळे पदाधिकारी सावरून बसले.

मोठीच निवडली गेली. अध्यक्ष म्हणाले, "ताई, उद्या वाचनालय वाढलं, तं पुन्हा नवीन घेत बसाचं काय?" वाढायला तिसरी खोली नव्हती. मंजुरीचा अधिकार प्रत्येकाने घेतला. पासवर्ड मात्र कोणाच्याच लक्षात राहत नसे, तो मलाच फोन करून विचारत. दिवाळीच्या सुट्टीची सूचना मी वेळेवर लिहिली. ती होळीच्या सुमारास दिसली.

मग अभ्यासिकेतली एक मुलगी तलाठी झाली. तिची आई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जाते. ही बातमी मला त्याच दिवशी जगाला सांगायची होती. अध्यक्षांना मुलीचा एकटीचा फोटो बरा वाटला नाही, सत्काराचा हवा होता. उपाध्यक्षांनी ‘मार्गदर्शन’ या शब्दापुढे स्वतःचं पद घातलं. कोषाध्यक्षांनी ते खाली सरकवलं. व्यवस्था मोठी गुणी होती. ती सगळ्यांचे बदल जपून ठेवायची आणि कोणालाच नाराज करायची नाही. तोवर मुलगी केळापूरकडे रुजू झाली, तिचं लग्नही झालं. त्यानंतर बातमी दिसली.

तिचा फोन आला. "मॅडम, बातमी पाह्यली. पण त्या फोटोत मी कुठी आहे?"

मी नीट पाहिलं. पुढे हारांसकट पदाधिकारी होते. मागे तिचा खांदा तेवढा दिसत होता. ती फोनवर हसत होती. मला हसू आलं नाही.

पुढच्या बैठकीत मी सांगितलं, की आता साधी व्यवस्था घेऊ, बातम्या मीच टाकीन, चुकलं तर मला बोला. अध्यक्षांनी विचारलं, "मंग मंजुरी कोन देईन?" पुतणीने त्यांच्यासाठी ‘मंजूर’ असं एक बटण करून दिलं. ते दाबलं की हिरवं होतं. दुसरं काही होत नाही.

नव्या व्यवस्थेत मी आधी त्या मुलीचा एकटीचा फोटो टाकला. थोड्याच वेळात अध्यक्षांचा फोन आला.

"ताई, मंजूर केलं. पण पोरीचा फोटो जरा मोठा पायजे होता."

या वेळी त्यांचं बरोबर होतं. मी फोटो मोठा केला.