मुखेडच्या कांद्यातली जिलबी

गुरुवारी माझा मेव्हणा माधव याचा फोन आला. "दाजी, कांद्यात जिलबी निघून राहिली. रविवारी याच. निकाल तुमच्याच हातानं लागू द्या." वाक्याचा शेवट मला कळला नाही, सुरुवात कळली असे वाटले. पुढचे तीन दिवस मी चहा बिनसाखरेचा घेतला आणि गोडाला तिखट जोड असावी म्हणून लातुरात किलोभर शेव घेतली.

लातूरहून मुखेडची एसटी चाकूर, शिरूर ताजबंद, जांब अशी जाते. शिरूरला वाहकाने दहा मिनिटे सांगितली. बस अठरा मिनिटे थांबली. भजी गरम मिळतात आणि दुसरा चहाही निवांत होतो.

"सायेब, डब्यात काय हाय?" वाहकाने विचारले.

"शेव."

"लग्नाला?"

"जिलबीला."

मुखेडच्या स्थानकावरून माधवने दुचाकीवर थेट रानात नेले आणि वेटोळी झालेली कांद्याची पात दाखवली. "ही बघा जिलबी."

"आणि खायची?"

"खायची कुठली, दाजी! बुरशी हाय ही. आठ दिवसाच्या पावसाच्या झडीनं आली."

त्याची पत्नी सुनंदा बांधावर बसून हसू लागली. "दाजीनं शेव आणली हो!"

प्रकरण मात्र गंभीर होते. दुसऱ्या दिवशी माधव सगळ्या कांद्यावर ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर फिरवून पीक मातीत गाडणार होता. सुनंदाने चार वाफे पहिल्यापासून कडुलिंबाचा पाला व लसूण वाटून, गाळून काढलेल्या अर्काने फवारले होते. तेवढे तिला वाचवायचे होते. पंच मी, कारण माधवच्या मते "दाजी जेवताना शितं मोजतेत."

मी डबा बांधावर ठेवला आणि दोन्हीकडची शंभर-शंभर रोपे मोजायला घेतली.

"ते अर्धं वाकडं हाय, वाकड्यात धरा," माधव म्हणाला.

"अर्धं सरळ बी हाय की!" सुनंदा म्हणाली.

मी 'संशयित' असा तिसरा रकाना आखला.

बिनफवारणीत एकेचाळीस वाकडी, फवारलेल्यात बारा. सुनंदाचे वाफे उंचावर असल्याने तिथे पाणी साचत नव्हते, हेही मी नोंदवले. एवढ्यावरून अर्काचा गुण सिद्ध होत नाही. वळलेली पातही अर्काने सरळ होत नाही. ती रोपे उपटून रानाबाहेर टाकावीत. तथापि, चार वाफ्यांवर रोटाव्हेटर फिरणार नाही, असा निकाल मी दिला.

"रोगापरीस दाजीचा निकाल लांबला," सुनंदा म्हणाली आणि अर्काने भरलेला फवारणी पंप माझ्या पाठीवर चढवला.

परतीच्या बसमध्ये माझ्या कपड्यांना लसणाचा असा वास होता की शेजारची जागा चाकूरपर्यंत रिकामी राहिली. गर्दीच्या दिवशी वाचकांनी हा उपाय करून पाहावा.

घरी आल्यावर शर्ट दोनदा धुतला. वास गेला; चार वाफ्यांची काळजी मात्र राहिली. तीन आठवड्यांनी माधवचा संदेश आला : "दाजी, वाफे वाचले. रविवारी जिलबी हाय. या."

कोणती, ते आधी लेखी कळवावे, असे मी उत्तर पाठवले.

या वेळी सुनंदाने लिहिले : "पाकातली. शेव आणा."