बायडाक्कानं दवाखान्यात मेंढरं बसवली

दुपारच्याला म्हादबाचा फोन आला. म्हनला, "काकू, आय गेली." मी म्हनलं, "कुठं गेली? आज बाजार बी न्हाई." त्यानं नाक वडलं, मंग मला कळलं. म्हादबा म्हंजी माज्या थोरल्या जावंचा, बायडाक्काचा लेक. भाकरी खाल्ली, पान खाल्लं, आडवी झाली ती उठलीच न्हाई म्हनं. कुनाला एक शिवी न देता गेली, त्यामुळं निम्म्या गावाला खरंच वाटंना. मातीला आलेलं सरपंच बी लांबच हुबं हुतं. ही उठून रस्त्याचं इचारती का काय, ह्या भ्यानं. आता म्हैना होऊन गेला, पर अजून कुनी मोठ्यानं बोललं की मी वळून बगती.

आमचं गाव आटपाडीच्या अंगाला. पावसाच्या भरवशावरचं रान, वाईच ज्वारी, बाकी समदा मेंढरांवर संसार. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आन मेंढरं घिऊन पच्छिमेला निघायचं, पार शिरवळपतोर. तिकडचं बागायतदार आपल्या रानात मेंढरं बसवायला बोलवत्यात. मेंढरं रातभर रानात बसली की लेंड्यांचं खत हुतं, त्या बदल्यात आमाला धान्य मिळतं. मी नवी नवरी हुती तवा पाय सुजलं म्हनून रडाय लागले. आक्का म्हनली, "हिरे, रडायचं तर चालता चालता रड. मेंढरं थांबनार न्हाईत." ती अशीच. माजी दोन लेकरं त्या वाटंवरच गेली, एक तापानं, एक हगवनीनं. दोन्ही येळंला खड्डा आक्कानं काढला आन मला चुलीपुढं बसवून म्हनली, भाकरी थाप. त्यावर लय बोलायचं न्हाई...

पर एक गोष्ट आक्काच्या डोस्क्यात तवाच बसली. मेंढरांचा डाक्टर वाड्यावर यायचा. मुक्कामाच्या जागंला आमी वाडा म्हनतो. फटफटीवर पेटी बांधून, हुडकत हुडकत यायचा बिचारा. मेंढरं कंच्या तालुक्याची, त्यानं कवाच इचारलं न्हाई. म्हनायचा, रोग पसरला तर समद्यांचीच मेंढरं मरतील. आन मानसाच्या दवाखान्यात गेलं की पयला सवाल, गाव कंचं? आटपाडीकडचं म्हनलं की, मंग तिकडं जावा, तुमची नावं तिकडं. तिकडं चालत जायाचं म्हंजी तवर ताप तरी जातो, न्हाईतर मानूस तरी.

एका साली भावजींच्या, म्हंजी आक्काच्या मालकाच्या पोटात मुरडा उठला. दवाखान्यानं परत लावलं. आक्कानं मेंढरांच्या जंताचं औषिद काढलं. मी म्हनलं, "आवं आक्का, ते मेंढराचं हाय!" तर म्हनली, "जंत काय इचारून शिरत्यात व्हय, ह्यो मेंढा का नवरा म्हनून? धर पाय!" तिनं भावजींची मान गुडघ्यात दाबली, मेंढराला पाजायची नळी गालफडात घातली आन नाक धरून वतलं. किती द्यायचं ते बी अंदाजानंच. म्हनली, दीड मेंढ्याचं वजन भरंल. पुढलं दोन दिस भावजी उसातच ऱ्हायला हुतं. वाचलं, नशीब. पर त्यानंतर आक्कानं नळी हातात घेतली की मेंढरांच्या आदी भावजी पळायचं.

मेंढरांच्या डाक्टरला कळलं तवा त्यानं कपाळावर हात मारला. "मावशी, अहो माणूस मेला असता!"

"मंग तुमीच बगा की त्येला."

"मी जनावरांचा डॉक्टर. माणसाला सुई टोचली तर माझी नोकरी जाईल."

आक्का भावजींकडं बगून म्हनली, "आयकलं का वो? मेंढरू असता तर वाचला असता. मानूस झालासा, आता भोगा."

आमी हसलो. ती न्हाई हसली.

खरी येळ आली ती अलीकडं, माज्या जगलेल्या लेकाच्या बायकूच्या, सुलीच्या बाळंतपनात. सुलीचं दिस भरलं नव्हतं. वाडा शिरवळच्या अलीकडं, एका रिटायर सुभेदाराच्या रानात हुता. समदी त्यास्नी सुभेदारआन्ना म्हनत्यात. सकाळी सुली पान्याला गेली ती वाकूनच माघारी आली. रगत जाया लागलं हुतं. माजी ती दोन लेकरं डोळ्यापुढं आली. आक्कानं आन मी तिला दोनी बाजूंनी धरून जवळच्या दवाखान्यात नेलं. व्हरांड्यात शिस्टर बसली हुती, पुढं ही रांग. तिनं बी तेच इचारलं, गाव कंचं.

"हितलंच," आक्का म्हनली.

"मावशी, खोटं नका बोलू. तुमची नावं आमच्याकडं न्हाईत. औषिदं येत्यात ती गावच्या मानसांवर मोजून. तुमाला दिली की हितली बायामानसं मला शिव्या घालत्यात. मी एकटी, आन गावं किती, बघा की." खोटं सांगत नव्हती ती. डोळ्याखाली काळं झालं हुतं पोरीच्या. "गाडी बघा आन मोठ्या दवाखान्यात न्या," म्हनली. गाडी कुठनं आनायची? आमच्याकडं घोडं.

आक्कानं सुलीला बाकड्यावर निजवलं. मला म्हनली, "हिरे, हितनं हलायचं न्हाई," आन तरातरा गेली. मला वाटलं गाडी आनाय गेली. थोड्या येळानं बगते तर रस्त्यावर ही धूळ! आक्का पुढं, मागनं समदी मेंढरं, त्यामागं दोन कुत्री, आन समद्यात मागं "आगं बायडे, आगं बायडे" करत भावजी. फाटक उघडंच हुतं. मेंढरं शिरली ती आंगनात, व्हरांड्यात, औषिदाच्या खोलीच्या दारात. रांगंतली मानसं बाकड्यावर चढली. एक मेंढा वजनाच्या काट्यावर जाऊन हुबा ऱ्हायला, उतरंचना. एका शेळीनं भितीवरला कुटुंब नियोजनाचा कागद वडून खाल्ला. शिस्टर वरडली, "मावशी, ह्ये काय!"

"मेंढरं बसवली," आक्का म्हनली. "आज मुक्काम हितं."

आतनं डाक्टर आला, तरना पोरगा. "आजी, हा दवाखाना आहे!"

"व्हय की. मेंढरांस्नी कुठंबी सुई मिळती, गाव इचारत न्हाईत. म्हनून आमी आता मेंढरं. ही समदी घ्या तपासायला, त्यातच ही पोरगी घ्या."

"अहो, नोंद जिथली असेल तिथंच..."

"सायेब, त्या पोरीच्या पोटातल्याला ठावं न्हाई, आपुन कंच्या तालुक्यात हाय. तुमी सांगून बगा. थांबतंय का इचारा."

तेवढ्यात सुभेदारआन्ना आलं, आपल्या रानात बसलेली मेंढरं कुठं गेली म्हनून बगाय. आक्कानं त्यास्नीच पुढं वडलं. "ह्येंच्या रानात गहू कशावर पिकतो इचारा. आमच्या लेंड्यांवर! त्या गव्हाची चपाती तुमी बी खाताय सायेब. आमची लेंडी हितली, आन आमीच तेवढं परगावचं?"

आन्नांनी मिशीवरनं हात फिरवला. "डाक्टरसाब, मी आसामात मलेरियानं पडलो तवा कुनी म्हनलं न्हाई, जा साताऱ्याला. जवान हाय, एवढंच बगितलं. ही तर बाई हाय, आडलेली. ह्यात सोचायचं काय हाय?"

रांगंतली एक म्हातारी बाकड्यावरनंच म्हनली, "घ्या आत तिला. माजा खोकला काय पळून जात न्हाई." तिच्या मागनं समदीच बोलाय लागली. शिस्टरचं तोंड बगन्यासारखं झालं. जी शिव्या घालत्यात म्हनून तिला भ्या वाटत हुतं, तीच म्हनाय लागली, घ्या.

मंग डाक्टर हलला. खरं सांगायचं तर लय चांगला हलला. सुलीला आत घेतलं, बाटली लावली, गाडी बोलावली आन मोठ्या दवाखान्यापतोर स्वता संगं बसून गेला. सुली वाचली. मुलगी झाली, एवढीशी, मुठीत मावंल अशी... आता अंगनवाडीत सगळ्यांस्नी चावती. आक्काच्या वळनावर गेली म्हनायचं.

गाडी गेल्यावर आक्कानं मेंढरं काढली आन झाडू मागून समदं आंगन स्वता लोटलं. लेंड्यांचा ढीग जास्वंदीच्या बुडात टाकून शिस्टरला म्हनली, "पोरी, तुज्यावर राग न्हाई माजा. एकटीच्या अंगावर एवढी गावं टाकनाऱ्यावर हाय. त्यो भेटला की सांग, मेंढरं घिऊन येती."

गुडघं गेल्यावर आमी दोघी गावातच ऱ्हायलो. तवापास्नं आक्का बाजाराच्या दिवशी आमच्या गावच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन बसायची. दुखनं काय न्हाई, नुसती बसायची. ऊसतोडीची बाई, वीटभट्टीवरची, जतकडनं आलेली कानडी बोलनारी, कुनी बी बिचकत दारात आली की आक्का वरडायची, "ये गं! शिस्टर, ही माजी मावसबहीन, हिला बगा." हितली शिस्टर म्हनायची, "आक्का, तुमच्या आज्जीला लेकी हुत्या तरी किती?" पर बगायची.

दहाव्याच्या दुसऱ्या दिशी मी बी.पी.च्या गोळ्या आनाय गेले. आक्का बसायची त्या जागंला भितीवर तिच्या डोस्क्याच्या तेलाचा काळा डाग हाय. चुना देनाऱ्यानं बी तेवढा सोडून दिलाय, तिच्या भ्यानं असंल. मी तिथंच टेकले. दारात एक बाई आली, काखंत तापानं फनफनलेलं लेकरू. कानडीत कायतरी म्हनली. मला एक शबुद कळला न्हाई. शिस्टरनं मान वर केली, तिच्याकडं बगितलं, मंग माज्याकडं.

औषिदाला नातं कशाला लागतं, मला कळत न्हाई. तापलंय, एवढं बास झालं पायजे. पर त्या घडीला ते कुनाला सांगत बसू?

"मावसबहीन," मी म्हनलं.

शिस्टर म्हनली, "तुमची बी?"

"आक्काचीच. आता माज्याकडं आली."

तिनं लेकराला आत घेतलं. तवापास्नं बाजाराच्या दिवशी मी तिथं बसती. मी आक्कापरीस बुटकी, माजं डोस्कं वाईच खाली टेकतं. परवा उठताना बगितलं, तर तिच्या डागाखाली दुसरा धराय लागलाय.