अपडेटला हो म्हटलं

रविवारची चर्चमधली मिसा आटपून घरी आलो आणि दोघं कम्प्युटरसमोर बसलो. तेच आमचं शेवटचं शेजारी बसणं. बायकोने तोंडाला पावडर लावली होती. तिकडे परदेशात नातीचं पहिलं कम्युनियन, चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायचा सोहळा, झालं होतं. त्याचा पांढरा फ्रॉक हिने इथे अंधेरीच्या गावठाणात बसून शिवला, गळ्याला क्रोशाची लेस विणली, पार्सल केला. तेही मोतीबिंदू पिकलेल्या डोळ्यांनी. आता नात तो घालून आम्हाला दिसणार होती.

कम्प्युटर मुलीच्या कॉलेजातला, मरतुकडा. दुसरं काही त्याच्यावर चालेना म्हणून लग्न करून जायच्या आधी तिने त्यात लिनक्स टाकून दिलं आणि बजावलं, "पप्पा, अपडेट करू का विचारलं तर नाही दाबायचं." मी चौथी शिकलो, जन्मभर सुतारकी केली. नाही कुठे दाबायचं तेवढं मला येत होतं.

त्या दिवशी त्याने परत विचारलं. बायको म्हणाली, "किती रविवार विचारतंय रे बिचारं. एकदा हो म्हण ना."

"मुलगी ओरडेल."

"ओरडू दे. दारात आलेल्याला किती वेळा परत पाठवशील? कंजूस मेला."

मी हो दाबलं. बराच वेळ काहीतरी उतरत राहिलं. मग व्हिडिओचा प्रोग्राम उघडायला गेलो तर उघडेचना. नुसती इंग्रजी अक्षरं. साध्या फोनवरून मुलीला लावला, एकेक अक्षर वाचून दाखवलं.

"हो दाबलंस ना, पप्पा? प्रोग्राम नवीन झाला. त्याला खालचं सगळं नवीन लागतं, आपलं लिनक्स जुनं. आता जुनाच प्रोग्राम परत टाकायला लागेल. उद्या कामावरून आले की सांगते."

नवीन दार, जुनी चौकट. दाराला रंधा मारता येतो. ह्याला कुठे मारू?

मी म्हटलं, "शेजारणीच्या मोबाईलवर बघू चल."

"एवढ्याशा काचेत मला काय डोंबल दिसणार? आणि तिच्या दारात उभी राहून रडू? उद्या बघीन. नात कुठे पळून जाते?" मग फोनवर नातीला म्हणाली, "फ्रॉक धुवायला टाकू नको गं. उद्या परत घाल."

पदराने पावडर पुसली आणि भात टाकायला उठली.

सोमवारी सकाळी हाक मारली, उठली नाही. डॉक्टर आला. म्हणाला, झोपेतच गेली.

मुलीचे व्हिसाचे कागद तिकडच्या ऑफिसात अडकलेले, तिला येता येईना. शेजारीण मोबाईल घेऊन आली. त्यात मुलगी रडत होती. "पप्पा, मम्माला दाखव." दाखवलं. बायकांनी तिला लुगडं नेसवलं होतं, हातात रोझरीची माळ दिली होती. तेवढ्यात मुलीच्या मागे नात दिसली. झोपेतून उठवलेली, केस विस्कटलेले, पण फ्रॉक घालून आली होती. आजीने सांगितलं होतं ना.

मी शेजारणीच्या हातातून मोबाईल घेतला, काच बायकोकडे फिरवली आणि तिच्या तोंडासमोर धरला.

"काका, काय करता?"

"गप बस तू."

जमलेल्यांपैकी कोणीतरी प्रार्थना सुरू केली. हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हातात घेतला.